सावलीतला राजा

फुलांसाठी झाड लावणे ही माणसाची फार जुनी हौस आहे. केवळ पानांसाठी झाड लावणे ही त्या मानाने अलीकडची. तुळस, बेल, नागवेल यांची पाने आपल्या घराला परकी नाहीत. परंतु त्यांचे स्थान देवघरात, नाही तर पानदानात. पानाचा रंग नुसता पाहत बसावे, त्यावरील रुपेरी पट्टा, जांभळी किनार आणि पाठीची तांबडी छटा यांसाठीच एक कुंडी वर्षानुवर्षे सांभाळावी, ही कल्पना आपल्या आजी-पणजीला चमत्कारिकच वाटली असती. आज मात्र कोलकात्याच्या जुन्या वाड्यांच्या व्हरांड्यांत, बंगळूरच्या बंगल्यांच्या ओसरीवर आणि दार्जिलिंगच्या काचघरांत जी अनेक शोभेची झाडे दिसतात, त्यांत एक झाड असे आहे की त्याला फुले आली काय आणि न आली काय, कोणी फारशी विचारपूस करीत नाही. त्याचे पान हेच त्याचे सर्वस्व. हे पान देठाच्या दोन बाजूंना कधी समान नसते. एक बाजू मोठी, दुसरी लहान, जणू कोणी कागद दुमडताना हात चुकला असावा. या झाडाचे नाव बिगोनिया रेक्स. लॅटिन भाषेत रेक्स म्हणजे राजा.

रोपवाटिकेतला माळी हे झाड 'विलायती' म्हणून विकतो. त्याचे म्हणणे अगदीच खोटे नाही. आज आपल्याला कुंडीत मिळणाऱ्या बहुतेक रंगीत बिगोनियांची वंशावळ युरोपातील रोपवाटिकांत तयार झालेली आहे. परंतु त्या वंशावळीचा मूळपुरुष मात्र आसामचा. तो येथून गेला, तेथे राजपदाला चढला आणि नवे कपडे घालून पाहुणा म्हणून स्वतःच्याच देशात परत आला. हा प्रवास नीट समजून घेतला, तर त्यातून केवळ इतिहासाचे कुतूहल भागते असे नाही. हे झाड आले कोठून आणि हे झाड जगवावे कसे, या दोन प्रश्नांचे उत्तर वस्तुतः एकच आहे. ते विसरले गेले म्हणूनच दरवर्षी इतक्या कुंड्या रिकाम्या होतात.

प्रथम नावाचा विचार करू. 'बिगोनिया' या शब्दात ना रंग आहे, ना पान. त्यात एक सरकारी अधिकारी आहे. मिशेल बेगाँ हा फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या सेवेतील अंमलदार. १६८२ पासून काही वर्षे तो वेस्ट इंडीजमधील फ्रेंच बेटांचा कारभार पाहत होता. तेथील गुलामांसंबंधीचा जो कुप्रसिद्ध कायदा १६८५ साली जारी झाला, त्याच्या मसुद्याच्या कामातही त्याचा हात होता. हाच माणूस विद्येचा आणि वनस्पतींचा मोठा शौकीन होता. १६८९ साली शार्ल प्ल्युमिए हा साधुवृत्तीचा वनस्पतिशास्त्रज्ञ त्या बेटांच्या सफरीवर गेला, त्याच्या पाठीशी बेगाँचे वजन होते. प्ल्युमिएने तेथे पाहिलेल्या एका वनस्पतिकुळाला आपल्या आश्रयदात्याचे नाव दिले. १७०० साली ते छापले गेले आणि १७५३ साली लिनीयसने ते कायम केले. ज्याने कधी हे झाड शोधले नाही त्याचे नाव झाडाला लागले. ज्यांच्या मळ्यांच्या कडेला ते उगवत होते त्यांची नावे कोणी विचारली नाहीत. या वनस्पतीच्या इतिहासात हा प्रकार पुढेही पुन्हा पुन्हा घडणार होता.

त्याच १६८९ सालात आणखी एक गोष्ट घडली. कोचीनचा डच अधिपती हेंड्रिक व्हान ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींचा जो प्रचंड ग्रंथ सिद्ध करविला, त्या 'हॉर्टस मलबारिकस'चा नववा खंड त्या वर्षी ॲम्स्टरडॅम येथे प्रसिद्ध झाला. १६७८ ते १६९३ या काळात या ग्रंथाचे एकंदर बारा खंड निघाले. नवव्या खंडात मलबारच्या ओल्या डोंगरातील एका झाडाचे चित्र आहे आणि त्याचे नाव मलयाळी लोक जे घेत असत तेच दिले आहे : चेरिया नरिनाम्पुळि. 'पुळि' म्हणजे आंबट. हे झाड म्हणजे बिगोनियाच होय. बेगाँचे नाव छापले जाण्यापूर्वी अकरा वर्षे आपल्याकडील एक बिगोनिया स्वतःच्या नावानिशी ग्रंथात दाखल झाला होता. पुढे १७८५ साली लामार्क या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्याचे 'बिगोनिया मलबारिका' असे नामकरण केले आणि आंबट चवीची ती साक्ष शास्त्राच्या दप्तरातून नाहीशी झाली.

मराठी वाचकाने या ग्रंथाविषयी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ऱ्हीडला वनस्पतींची माहिती पुरविणाऱ्यांत इट्टी अच्युतन हा मलयाळी वैद्य होता, तसेच रंग भट, विनायक पंडित आणि आप्पु भट हे तीन कोंकणी वैद्यही होते. आपण काय काम केले याचा त्यांनी १६७५ साली लिहून दिलेला दाखला पहिल्या खंडात कोंकणी भाषेत आणि नागरी लिपीत छापलेला आहे. नागरी अक्षरे युरोपात छापली गेल्याच्या अगदी आरंभीच्या उदाहरणांपैकी हे एक होय. म्हणजे बिगोनियाच्या ग्रंथप्रवेशाशी आपल्या लिपीचा संबंध आहे, आणि या एका ग्रंथात तरी माहिती देणाऱ्यांची नावे पुसली गेली नाहीत. एरवी असा न्याय क्वचितच झाला.

सह्याद्रीलाही बिगोनिया परका नाही. श्रावणात घाटातील पाझरत्या कातळांवर, शेवाळाच्या गादीत, रसाळ देठांची आणि फिकट गुलाबी फुलांची जी नाजूक रोपे दिसतात, त्यांत बिगोनिया क्रेनाटा ही जात असते. एका जातीच्या शास्त्रीय नावात तर कोंकणच गोवलेले आहे : बिगोनिया कोंकनेन्सिस. पाऊस सरला की क्रेनाटाची पाने झडतात आणि झाड जमिनीतील लहानशा गड्ड्यात निजून राहते. या रोपांना राजवैभव नाही. परंतु बिगोनियाच्या स्वभावाचा पहिला धडा तीच देतात. पाण्याशेजारी राहावयाचे, पण पाण्यात नाही; उजेडात राहावयाचे, पण उन्हात नाही; आणि ऋतू प्रतिकूल झाला की हट्ट न धरता विश्रांती घ्यावयाची.

मलबारच्या बिगोनियाचे चित्र युरोपात सतराव्या शतकात पोहोचले. परंतु आसामच्या बिगोनियाला तेथे घर मिळण्यास एकोणिसावे शतक अर्धे उलटावे लागले. या विलंबाचे कारण काच आणि समुद्र यांत आहे. शिडाच्या जहाजातून महिनोन्महिने प्रवास करणारी रोपे खारा वारा, थंडी आणि गोड्या पाण्याचा तुटवडा यांनी वाटेतच मरत. १८२९ च्या सुमारास नॅथॅनिएल वॉर्ड या लंडनच्या डॉक्टरने पतंगाचा कोश एका बंद बाटलीत ओलसर मातीवर ठेवला होता. पतंग बाजूला राहिला आणि त्या मातीत नेच्याचे रोप उगवले. लंडनच्या कोळशाच्या धुरात बाहेर जे नेचे तग धरीत नसत, ते बंद काचेत विनासायास वाढले. कारण आतील ओल आतच फिरत राहिली. १८३३ साली वॉर्डने अशा काचपेट्यांतून रोपे सिडनीपर्यंत पाठविली आणि ती जिवंत पोहोचली. पुढे चीनमधील चहाची रोपे रॉबर्ट फॉर्च्यूनने हिमालयाच्या पायथ्याशी आणली, तीही याच पेट्यांतून. १८४५ साली इंग्लंडात काचेवरील कर रद्द झाला आणि काचघर ही सरदारांची मिरास न राहता मध्यमवर्गीयांच्या आवाक्यातील गोष्ट झाली. उष्ण कटिबंधातील सावलीची झाडे ठेवण्यास आता जागा होती. झाडे तेवढी हवी होती.

ती आणण्यासाठी जी झुंबड उडाली तिचे चित्र खासी टेकड्यांत दिसते. १८५० साली जोसेफ हूकर हा इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ तेथे होता. त्या काळी युरोपात आमरीचे, म्हणजे ऑर्किडचे, वेड पराकोटीला पोहोचले होते. निळ्या फुलांच्या व्हांडा नामक आमरीचे सात माणसांचे ओझे हूकरने क्यू येथील उद्यानासाठी गोळा केले. त्यातील फार थोडी रोपे इंग्लंडात जिवंत पोहोचली. दुसऱ्या एका गृहस्थाने एका माणसाच्या ओझ्याइतकी रोपे पाठविली, त्यांचे ३०० पौंड आले. एकेका रोपाला ३ पासून १० पौंडांपर्यंत किंमत पडली. हूकरच्याच एका पत्रातून असे दिसते की त्या वेळी टेकड्यांत अनेकांचे संग्राहक एकाच वेळी फिरत होते : कोणी कलकत्त्याच्या वनस्पति-उद्यानाचे, कोणी इंग्रज व्यापाऱ्यांचे, कोणी आसामात राहणाऱ्या सायमन्स नामक संग्राहकाचे. वादळानंतर पडावा तसा तोडलेल्या फांद्यांचा आणि आमरींचा सडा मैलोगणती रस्त्यांवर पडलेला असे. ज्यांनी झाडांवर चढून ही रोपे काढली आणि पाठीवर वाहिली, ते डोंगरी मजूर या सर्व हकिकतीत केवळ 'ओझी' मोजण्यापुरते येतात.

याच वाहतुकीतून बिगोनिया रेक्स युरोपात पोहोचला. त्याची जी कथा उद्यानविद्येच्या पुस्तकांत सांगतात ती अशी : १८५६ च्या सुमारास आसामातून आलेल्या आमरींच्या गाठोड्यांत, मुळांच्या गुंत्यात, एक अनोळखी रोप चिकटून आले होते. त्याच्यासाठी कोणी पैसे मोजले नव्हते, की कोणी त्याला शोधावयास निघाले नव्हते. कथेचा तपशील कसाही असो, ब्रसेल्सच्या ज्याँ लिंडेन याच्या रोपवाटिकेतून हे झाड पुढे आले आणि आसाम हेच त्याचे मूळस्थान, याबद्दल वाद नाही. लिंडेन हा जन्माने लक्झेंबर्गचा. तरुणपणी दहा वर्षे ब्राझील, मेक्सिको, कोलंबिया, व्हेनेझुएला असा फिरून आलेला हा गृहस्थ आमरीच्या व्यापारातील फार मोठे नाव होते. या पानाचे मोल त्याच्यासारख्या पारख्याला कळले नसते तरच नवल. काळपट हिरव्या, धातूसारख्या चकाकणाऱ्या पानावर कडेपासून थोडे आत रुपेरी कडे, असे ते मूळ पान. गेंट येथून निघणाऱ्या 'फ्लोर दे सेर' या उद्यान-मासिकात १८५७ साली झ्यूल पुत्झेस याने त्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि त्याला राजा ही पदवी दिली. पुत्झेस हा पेशाने न्यायखात्यातील अधिकारी आणि आवडीने भुंगेऱ्यांचा अभ्यासक. म्हणजे आसामच्या ओढ्याकाठचे झाड, काचेच्या युक्तीने खुला झालेला बाजार, लक्झेंबर्गच्या माणसाची ब्रसेल्समधील रोपवाटिका आणि नाव देणारा एक बेल्जियन कायदेपंडित, अशा योगायोगातून हा राज्याभिषेक झाला.

त्यानंतर जे घडले ते फार वेगाने घडले. बिगोनियाच्या निरनिराळ्या जातींचा परस्परांशी संकर सहज होतो. रेक्सचा संकर हिमालयाच्या पूर्वेकडील इतर जातींशी करण्यात आला. पिवळ्या फुलांची झँथिना ही भूतानची जात त्यांत प्रमुख होती. पुढे बोर्निओ आणि मलायाकडील जातींचेही रक्त त्यात मिसळले. युरोपात १८६० नंतरची दोन-तीन दशके हा रंगीत पानांचा काळच होता. कॅलेडियम, कोलियस, क्रोटन यांच्या पंक्तीला बिगोनिया बसला. १८६१ साली तर सुंदर पानांच्या झाडांवर रंगीत चित्रांचे स्वतंत्र पुस्तक इंग्लंडात निघाले. त्या शतकाच्या नवव्या दशकात हंगेरीत 'कोंतेस लुईज एर्दोदी' नावाचा संकर प्रसिद्धीस आला. त्याच्या पानाचे देठाजवळचे टोक शंखासारखे वळत गेले होते. आज ज्याला गोगलगाय-पानाचा बिगोनिया म्हणतात, त्या प्रकाराचा आरंभ येथे आहे. पुन्हा नाव कोणाचे, तर एका सरदारणीचे.

पहिल्या महायुद्धाने हे वैभव ओसरले. काचघरे तापविण्यास कोळसा मिळेना, माळी सैन्यात गेले आणि उष्ण काचघरांची हौस मागे पडली. अनेक नामांकित संकर त्या काळात नाहीसे झाले. जे वाचले ते पुष्कळदा सामान्य घरांच्या खिडक्यांत वाचले. १९३२ साली कॅलिफोर्नियात बिगोनियाच्या शौकिनांची संस्था स्थापन झाली आणि जतनाच्या कामाला नवी चालना मिळाली. नवे शोधही थांबले नाहीत. पानावर तपकिरी क्रुसासारखी खूण असलेला एक बिगोनिया मॉरिस मेसन या इंग्रज संग्राहकाने १९५२ साली सिंगापूरहून नेला, आणि १९५९ साली एर्मशर या जर्मन तज्ज्ञाने त्याला मेसनचे नाव देऊन शास्त्रात आणले. त्याचे मूळ घर मात्र चीन आणि व्हिएतनाम यांच्या सीमेकडील चुनखडीच्या डोंगरांत आहे.

आता या रंगांचे रहस्य पाहू. कारण निगेची किल्ली त्यातच आहे. बिगोनियाच्या पानातील रुपेरी रंग हा वस्तुतः रंगच नव्हे. पानाची वरची त्वचा आणि खालचा हिरवा थर यांच्यामध्ये सूक्ष्म पोकळ्या असतात. त्यांतील हवेवरून उजेड परत फिरतो आणि आपल्याला चांदी दिसते. पाठीची तांबडी-जांभळी छटा अँथोसायनिन या रंगद्रव्याची. जांभळाला आणि तांबड्या कोबीला जे रंगवते तेच हे. मलायातील पॅव्होनिना ही जात सावलीत मोरपिसासारखी निळी चमकते. २०१६ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की या निळाईच्या मुळाशी हरितकणांतील पडद्यांची अतिशय नियमित रचना आहे. ती निळा उजेड परतविते, परंतु घनदाट रानाच्या तळाशी जो हिरवा उजेड उरलेला असतो तो अधिक पकडते, आणि मंद प्रकाशात अन्न तयार करण्याचे काम काही टक्क्यांनी वाढविते. याचा अर्थ असा की ज्या शोभेला भुलून आपण कुंडी विकत घेतो, तिचा संबंध अंधाऱ्या जागी उपजीविका करण्याच्या कसबाशी आहे. राजाचा हा पोशाख दरबारासाठी शिवलेला नाही.

एवढे कळले की निगेचे नियम पाठ करावे लागत नाहीत. ते आपोआप सुचतात. मोठ्या वृक्षांच्या छायेतील ओढ्याचा काठ, उतारावरील पालापाचोळ्याचा सैल थर, दगडांतून निथळून जाणारे पाणी आणि सदैव दमट हवा, हे रेक्सचे माहेर. कुंडीत हेच चित्र पुन्हा उभे करावयाचे. उजेड भरपूर असावा, पण थेट ऊन नसावे. सकाळचे कोवळे ऊन फार तर घटकाभर चालेल. ऊन लागले की पानाच्या कडा करपतात. अगदी अंधारात ठेवले तर देठ लांबतात आणि रंग विटतो. नागवेलीसाठी आपले शेतकरी जो पानमळा लावतात, किंवा बंगाली लोक जी बरज उभारतात, त्यातील गाळीव उजेड आणि कोंडलेली ओल या झाडाला नेमकी मानवते.

या झाडाचे खोड जमिनीशी समांतर सरपटत जाते आणि मुळे उथळ असतात. म्हणून खोल कुंडीपेक्षा पसरट कुंडी बरी. मातीत निम्मे कुजलेले पानखत असावे, उरलेल्या निम्म्यात पोयटा आणि जाड वाळू सारखी, आणि थोडा लोणारी कोळशाचा चुरा. खोड पुरू नये. ते मातीवर टेकलेले राहावे. पाणी देण्यापूर्वी बोटाने मातीचा वरचा थर चाचपावा. तो सुकला असेल तरच पाणी द्यावे, तेही सकाळी आणि कडेकडेने. बिगोनिया तहानेपेक्षा अतिपाण्याने अधिक मरतो. पाने कोमेजलेली पाहून माणूस आणखी पाणी ओततो. पुष्कळदा मुळे तेव्हा कुजू लागलेली असतात आणि ते पाणी शेवटचे ठरते. पानांवर पाणी शिंपडण्याची हौस आवरावी, कारण ओल्या पानांवर आणि कोंदट हवेत भुरी चढते. दमटपणा हवा तो हवेत. त्यासाठी परातीत खडे पसरून त्यांच्या निम्म्यापर्यंत पाणी भरावे आणि कुंडी खड्यांवर ठेवावी, म्हणजे बूड पाण्याला लागत नाही. दोन-चार कुंड्या एकत्र ठेवल्या तर त्या एकमेकींची हवा ओलसर ठेवतात. वाढीच्या दिवसांत पंधरवड्यातून एकदा अगदी पातळ खत पुरे.

प्रदेशाप्रमाणे तारतम्य ठेवावे लागते. अठरा ते चोवीस अंश सेल्सियस तापमानात हे झाड सुखी असते. शिलाँग, दार्जिलिंग, बंगळूर येथे त्याला फारसे जपावे लागत नाही. कोलकात्यास ओल आहे. तेथे शत्रू म्हणजे पावसाळ्यातील कूज, तेव्हा हवा खेळती हवी. दिल्ली, इंदूर, नागपूर येथे वैशाख-ज्येष्ठातील कोरडा वारा त्याचा काळ होय. त्या दिवसांत कुंडी घराच्या आतील गार कोपऱ्यात, ओल्या वाळ्याच्या पडद्याजवळ असावी. उत्तरेकडील थंडीत पारा तेरा-चौदा अंशांखाली गेला की वाढ थांबते, काही पाने गळतात. झाड मेले म्हणून ते फेकून देण्याची घाई याच वेळी होते. खोड टणक असेल तर पाणी कमी करून स्वस्थ राहावे. फाल्गुनात नवी पालवी फुटते. सह्याद्रीच्या कातळावरचा त्याचा गरीब भाऊबंद दरसाल हेच तर करीत असतो.

तथापि बिगोनियाचा सर्वांत मोठा गुण त्याच्या पानातच आहे. जून, निरोगी पान घ्यावे, पाठीकडील ठळक शिरांवर धारदार पात्याने लहान छेद द्यावेत आणि ते पान ओल्या वाळूवर सपाट पसरून खड्यांनी दाबावे. वर काचेचे झाकण ठेवले की पाच-सहा आठवड्यांत प्रत्येक छेदापाशी मुळे धरतात आणि मागाहून इवली रोपे डोकावतात. शीर असलेला पानाचा लहानसा तुकडाही पुरतो. संकरित बिगोनियाचे बी पेरले तर मूळ झाडासारखे झाड येत नाही. म्हणून नाव दिलेला प्रत्येक संकर पान, खोड किंवा फांदी यांच्या तुकड्यांवाटेच टिकतो.

या साध्या गोष्टीचा अर्थ मोठा आहे. आज कोणाच्या घरी 'कोंतेस लुईज एर्दोदी' असेल, तर ते तिच्या जातीचे दुसरे झाड नव्हे. हंगेरीत एकोणिसाव्या शतकात जन्मलेल्या त्याच देहाचा तो तुकडा आहे. मधल्या काळात दोन महायुद्धे झाली, ज्या सरदारघराण्यांची नावे अशा झाडांना दिली गेली त्यांचे वैभव लोपले, पण पानावरून पान, हातावरून हात असे ते चालत आले. जुने हस्तलिखित शंभर वर्षे पेटीत पडून राहिले तरी पुन्हा उघडता येते. हे झाड तसे पडून राहू शकत नाही. एका उन्हाळ्यात सांभाळणाऱ्याचे लक्ष उडाले आणि दुसरीकडे कोठे त्याचा तुकडा दिलेला नसला, तर शंभर-सव्वाशे वर्षांची ती परंपरा एका आठवड्यात संपते. जे संकर नाहीसे झाले त्यांची आज केवळ नावे जुन्या यादीत सापडतात. म्हणून जाणते लोक एक नियम पाळतात : आवडते झाड टिकवावयाचे असेल तर त्याचा तुकडा आधी दुसऱ्याला द्यावा.

रानातील बिगोनियांची स्थिती याहून नाजूक आहे. जगात आज दोन हजारांहून अधिक जाति नोंदलेल्या आहेत आणि अरुणाचल प्रदेशातून २०१० नंतरही नव्या जाति उजेडात आल्या. परंतु यातील कित्येकींचा संसार एखाद्या दरीपुरता, एखाद्या ओढ्यापुरता असतो. वरचे झाड तुटले की सावली जाते आणि सावली गेली की ओल जाते. एका रस्त्याच्या कापणीत एखादी जात नाव मिळण्यापूर्वीच संपू शकते. त्या डोंगरांतील लोक बिगोनियाचे देठ त्यातील आंबटपणासाठी आजही खातात. आपल्या चुक्याच्या भाजीतील ऑक्झॅलिक आम्ल त्यातही असते. ब्रसेल्सला हे पान चांदीचे दिसले. तेथे ते जेवणातल्या तोंडीलावण्याचे आहे. मलबारी नावातील 'पुळि' हीच ओळख सांगत होती.

राजा, सरदारीण, अंमलदार, अशी नावे या झाडाला देणारे देत राहिले. ते टिकले मात्र निराळ्याच लोकांमुळे. ज्यांनी ते पाठीवरून डोंगराखाली आणले, ज्यांनी कोळशाच्या टंचाईत ते स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवले, ज्यांनी पान कापून शेजारच्या घरी दिले, त्यांची नावे कोणत्याही जातीला मिळाली नाहीत. परंतु बिगोनियाला नावाची गरज नसते. त्याला सावली हवी, निथळणारी माती हवी, आणि पाणी ओतण्यापूर्वी बोटाने माती चाचपून पाहणारे माणूस हवे.